वाढत्या वयात वनस्पतीजन्य औषधे: शरीरात काय बदलते आणि मात्रा कशी तपासून घ्यावी

डिजिटॅलिसच्या पानांतून मिळणारे हृदयाचे औषध डिगॉक्सिन, अफूच्या बोंडातील वेदनाशामक मॉर्फीन आणि कोडीन, कोल्चिकमच्या कंदातील, गाउट या सांधेदुखीवरचे कोल्चिसिन, बेलाडोनातील ॲट्रोपीन, सिंकोनाच्या सालीतील क्विनीन, सोनामुखीच्या पानांतील सेनोसाइड्स ही औषधे निरनिराळ्या विकारांवर दिली जातात. त्यांपैकी बऱ्याच औषधांत एक साम्य आहे: गुण देणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांच्यातील अंतर फार थोडे असते. तरुण शरीरात मूत्रपिंडे आणि यकृत यांची राखीव ताकद एवढी असते की थोडे जास्त झालेले औषध निमूटपणे बाहेर टाकले जाते. वय वाढते तशी ही राखीव ताकद कमी होते, आणि वर्षानुवर्षे मानवलेली गोळी, तिच्यात काहीही बदल झालेला नसताना, एके दिवशी जास्त ठरते.

म्हणून वयस्कर माणसाच्या औषधांचा विचार करताना औषध शरीरात कसे शिरते यापेक्षा ते बाहेर कसे पडते याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. त्या रुग्णाला, त्याची काळजी घेणाऱ्यांना आणि डॉक्टरांशी होणाऱ्या चर्चेला उपयोगी पडाव्यात असा हेतू आहे. स्वतःच्या मनाने मात्रा बदलण्यासाठी किंवा औषध बंद करण्यासाठी त्यांचा वापर करू नये.

पहिली पायरी: घेतले जाणारे सर्व काही एका यादीत आणावे

यादी करताना बहुतेक जण फक्त गोळ्या लिहितात. प्रत्यक्षात डोळ्यांचे थेंब, त्वचेवर लावायचे पट्टे, मलमे, पोट साफ होण्यासाठी घेतलेले चूर्ण, खोकल्याचे सिरप, काढे, वनस्पतींचे अर्क असलेल्या कॅप्सूल आणि औषधी चहा हे सारे यादीत यायला हवे. प्रत्येकापुढे औषधाचे नाव, कोणत्या वनस्पतीचा कोणता भाग, एका मात्रेतील प्रमाण, केव्हापासून आणि कशासाठी, एवढे लिहावे. ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा राहिला, तर ते औषध चालू ठेवायचे की नाही हा डॉक्टरांना विचारण्याचा पहिला प्रश्न ठरतो.

डोळ्यांच्या थेंबांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. ॲट्रोपीन आणि पिलोकार्पीन ही दोन्ही मूळची वनस्पतीजन्य द्रव्ये थेंबांच्या रूपात वापरली जातात. डोळ्यात टाकलेल्या थेंबाचा काही भाग अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तेथील ओलसर अस्तरातून थेट रक्तात जातो. यकृताची चाळणी त्याच्या वाटेत येत नाही. पिलोकार्पीनने घाम सुटणे व नाडी मंदावणे, ॲट्रोपीनने तोंड कोरडे पडणे व बुद्धिभ्रम होणे, हे परिणाम केवळ थेंबांमुळेही होऊ शकतात. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे हलकेच दाबून धरल्यास ही गळती बरीच कमी होते. प्रवासातील मळमळीसाठी कानामागे लावल्या जाणाऱ्या हायोसिनच्या पट्ट्याचीही अशीच गंमत आहे: पट्टा हाताळलेले बोट न धुता डोळ्याला लागले, तर एकाच डोळ्याची बाहुली विस्फारते आणि घरच्यांना पक्षाघाताची शंका येते.

यादीत आणखी एक खूण करावी: औषध शुद्ध द्रव्याच्या रूपात आहे, अर्काच्या रूपात आहे, की वनस्पतीचे सबंध चूर्ण आहे. शुद्ध द्रव्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये ठाऊक असते. चूर्णातील सक्रिय द्रव्याचे प्रमाण मात्र वनस्पतीची जात, जमीन, तोडणीचा हंगाम, वाळवण आणि साठवण यांनुसार बदलते. विल्यम विदरिंग या इंग्लिश वैद्याने 1785 मध्ये डिजिटॅलिसच्या उपयोगाविषयी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यालाही हीच अडचण होती. मूत्रपिंडे, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कशावरही परिणाम दिसू लागताच औषध थांबवावे, असा त्याचा नियम होता. पानांची ताकद मोजण्याचे साधन नसलेल्या काळात तो नियम शहाणपणाचा होता. आणि ज्या चूर्णाच्या डब्यावर सक्रिय द्रव्याचे प्रमाण छापलेले नाही, त्याच्या बाबतीत तो आजही तितकाच खरा आहे.

दुसरी पायरी: मूत्रपिंडांची खरी क्षमता काढावी

या संपूर्ण विषयात एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर ही करावी. चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता सरासरीने दरवर्षी मिनिटाला 0.75 ते 1 मिलिलिटरने घटते. परंतु ही सरासरी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे दीर्घकाळ चाललेल्या पाहणीत सुमारे एक-तृतीयांश लोकांमध्ये वयाबरोबर अशी घट आढळली नव्हती. म्हणजे केवळ वय पाहून मात्रा निम्मी करणे आणि वयाकडे दुर्लक्ष करून पूर्ण मात्रा देणे, हे दोन्ही अंदाज चुकू शकतात. प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

रक्ततपासणीत क्रिएटिनिनचा आकडा येतो आणि तो ‘सामान्य’ मर्यादेत असला की सारे ठीक आहे असे समजले जाते. येथेच बहुतेकांची फसगत होते. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर जाते. वयाबरोबर स्नायू झडले की ते मुळातच कमी तयार होते आणि मूत्रपिंडे मंदावलेली असूनही रक्तातील आकडा चढत नाही. म्हणून कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी 1976 मध्ये मांडलेले सूत्र औषधांच्या मात्रेसाठी अजूनही वापरले जाते: 140 मधून वय वजा करावे, उत्तराला किलोग्रॅममधील वजनाने गुणावे, त्याला 72 आणि क्रिएटिनिन यांच्या गुणाकाराने भागावे, स्त्री असल्यास आलेल्या उत्तराला 0.85 ने गुणावे.

उदाहरण घेऊ. तीस वर्षांचा, 70 किलो वजनाचा पुरुष आणि 82 वर्षांची, 45 किलो वजनाची स्त्री, दोघांचेही क्रिएटिनिन 1.0 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. पुरुषाचे उत्तर मिनिटाला सुमारे 107 मिलिलिटर येते. स्त्रीच्या बाबतीत 58 गुणिले 45 म्हणजे 2610, भागिले 72 म्हणजे सुमारे 36 आणि त्याला 0.85 ने गुणल्यावर सुमारे 31 मिलिलिटर. रक्ततपासणीचा आकडा एकच, पण मूत्रपिंडांची क्षमता तिपटीहून अधिक कमी. याच स्त्रीच्या अहवालात प्रयोगशाळा नव्या सूत्राने काढलेला अंदाजही छापते आणि तो 56 च्या आसपास येतो. या तफावतीचे एक कारण असे की तो आकडा 1.73 चौरस मीटर एवढे शरीराचे पृष्ठफळ गृहीत धरून दिलेला असतो आणि ही स्त्री तेवढी मोठी नाही. कृश, लहान चणीच्या वृद्धांच्या बाबतीत कोणता आकडा धरून मात्रा ठरवली आहे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. पुष्कळ औषधांच्या माहितीपत्रकातील मात्रा कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रावरच बेतलेल्या आहेत.

सूत्रालाही मर्यादा आहेत. अतिलठ्ठपणा, तीव्र कुपोषण, हातपाय कापलेला असणे किंवा नुकताच झालेला मूत्रपिंडांचा बिघाड अशा स्थितीत त्यावर विसंबता येत नाही. शिवाय हा आकडा स्थिर नसतो: दोन दिवसांचे जुलाब, ताप, पाणी कमी पिणे किंवा वेदनाशामक गोळ्यांचा मारा यांनी तो आठवड्याभरात निम्म्यावर येऊ शकतो.

या आकड्याचा सर्वांत थेट संबंध डिगॉक्सिनशी आहे, कारण त्याचा मोठा भाग मूत्रातून जसाच्या तसा बाहेर जातो. निरोगी मूत्रपिंडे असताना शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास साधारण 36 ते 48 तास लागतात; वृद्धांत हा काळ 70 तासांच्या आसपास किंवा त्याहूनही लांबतो. अमेरिकेतील वृद्धवैद्यक संस्था ज्या बिअर्स निकषांची (वृद्धांत टाळावयाच्या औषधांच्या यादीची) वेळोवेळी सुधारणा करते, त्यांत दिवसाला 0.125 मिलिग्रॅमपेक्षा अधिक डिगॉक्सिन टाळावे असे म्हटले आहे. कोल्चिसिनचा काही भाग मूत्रपिंडांतून आणि काही यकृतातून जातो. मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या व्यक्तीत ते साचले तर डायलिसिसनेही निघत नाही. मॉर्फीनचे उदाहरण अधिक बोलके आहे. यकृत मॉर्फीनचे रूपांतर करते, पण त्यातून निर्माण होणारे एक संयुग, मॉर्फीन-6-ग्लुकुरोनाइड, स्वतःच वेदनाशामक आणि गुंगी आणणारे असते आणि ते मूत्रपिंडांवाटेच बाहेर जाते. त्यामुळे ‘यकृत चांगले आहे, मग मॉर्फीन चालेल’ हा तर्क वृद्धांत धोक्याचा ठरतो.

तिसरी पायरी: यकृताची चाळणी किती सैल झाली आहे ते पाहावे

तोंडाने घेतलेले औषध आतड्यांतून प्रथम यकृतात जाते आणि तेथे त्याचा काही भाग नष्ट होऊन उरलेला सर्व शरीरात पोहोचतो. वयाबरोबर यकृताचा आकार सुमारे 20 ते 30 टक्क्यांनी लहान होतो आणि त्याला होणारा रक्तपुरवठा 40 टक्क्यांपर्यंत घटू शकतो. यकृताच्या कार्याच्या नेहमीच्या तपासण्या मात्र व्यवस्थित येतात, कारण त्या यकृताची इजा दाखवतात, औषधे हाताळण्याचा वेग दाखवत नाहीत. पहिल्याच फेरीत ज्यांचा मोठा भाग नष्ट होतो, अशा मॉर्फीनसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वृद्धांत त्याच मात्रेने अधिक चढते.

यकृतातील रासायनिक प्रक्रियांचे ढोबळ दोन टप्पे आहेत. पहिला, म्हणजे ऑक्सिडीकरणाचा टप्पा, वयाने अधिक मंदावतो. दुसरा, म्हणजे रेणूला दुसरा गट जोडून तो विद्राव्य करण्याचा टप्पा, धडधाकट वृद्धांत बराचसा टिकून राहतो, पण अतिशय अशक्त, अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीत तोही कमी पडतो. दम्यासारख्या श्वासाच्या विकारांवर दिले जाणारे थिओफायलिन पहिल्या टप्प्यावर अवलंबून आहे, त्यामुळे साठीनंतर त्याचा निचरा कमी होतो. हृदय कमजोर असल्यास किंवा ताप असल्यास तो आणखी घटतो. धूम्रपान करणाऱ्यांत हेच औषध लवकर संपते. याचा उलटा अर्थ असा की वयस्कर रुग्णाने धूम्रपान सोडले, तर काही दिवसांतच रक्तातील थिओफायलिन चढू लागते आणि मळमळ, धडधड, क्वचित आचकेही येऊ शकतात. धूम्रपान सोडणे हितावहच आहे; ज्या आठवड्यात ते सोडले, त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवणेही तितकेच आवश्यक आहे.

कोडीनचा प्रकार वेगळा आहे. ते स्वतः फारसे काम करत नाही. यकृतातील सीवायपी2डी6 हे विकर (एन्झाइम) त्याचे मॉर्फीन बनवते. या विकराची क्षमता वयापेक्षा आनुवंशिकतेवर ठरते. एखाद्याला कोडीनचा काहीच गुण येत नाही आणि दुसरा त्याच मात्रेने गुंगतो, यामागे बहुधा हेच असते. म्हणून पहिल्या एक-दोन मात्रांच्या वेळी रुग्णाजवळ कोणी तरी असावे.

कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन आणि पॅक्लिटॅक्सेल हीदेखील वनस्पतींचीच देणगी आहे आणि त्यांचा निचरा यकृतातून होतो. परंतु त्यांच्या मात्रा तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच ठरत असल्याने येथे त्यांचा विस्तार करत नाही.

चौथी पायरी: वजन पुन्हा मोजावे

वयाबरोबर शरीरातील पाण्याचे व स्नायूंचे प्रमाण घटते आणि चरबीचे वाढते. पाण्यात मिसळणाऱ्या औषधांना पसरायला जागा कमी मिळते, म्हणून तेवढ्याच मात्रेने रक्तातील पातळी वर जाते. डिगॉक्सिन मुख्यतः स्नायूंत साठते. स्नायू झडल्यावर त्याची पहिली मोठी मात्राही कमी करावी लागते. चरबीत विरघळणारी द्रव्ये, उदाहरणार्थ गांजातील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, चरबीत मुरून बसतात आणि सावकाश बाहेर येत राहतात, त्यामुळे त्यांचा अंमल लांबतो.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, साधारण त्याच वेळी वजन करून लिहावे. सहा महिन्यांत पाच किलो उतरलेल्या माणसाची मात्रा तीच ठेवली असेल, तर ती प्रत्यक्षात वाढलेली आहे. रक्तातील अल्ब्युमिन (औषधांना बांधून ठेवणारे प्रथिन) कमी होणे हाही एक घटक आहे, पण रोजच्या औषधांत त्याचे महत्त्व बहुधा अवाजवी मानले जाते.

गिळणे आणि शोषले जाणे

वयाने जठर रिकामे होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, पण बहुतेक औषधे शेवटी जवळजवळ पूर्ण शोषली जातात. त्यामुळे येथे दोनच सूचना पुरेशा आहेत. इसबगोलासारखा फुगणारा भुसा किमान एक पूर्ण पेला पाण्याबरोबर, बसून घ्यावा, अन्यथा तो अन्ननलिकेत अडकू शकतो. आणि इतर औषधे त्याच्या आधी किंवा नंतर दोन तासांनी घ्यावीत, कारण तो त्यांचे शोषण कमी करू शकतो. दुसरी गोष्ट आतड्यांतील जिवाणूंची. सोनामुखीतील सेनोसाइड्सना कार्यक्षम बनवण्याचे काम मोठ्या आतड्यातील जिवाणू करतात आणि सुमारे दहापैकी एका व्यक्तीत असेच जिवाणू डिगॉक्सिनचा काही भाग निकामी करतात. अशा व्यक्तीला प्रतिजैविके दिली की ते जिवाणू मरतात आणि डिगॉक्सिनची पातळी चढते.

पाचवी पायरी: मेंदू आणि हृदय किती नाजूक झाले आहेत ते ओळखावे

रक्तातील पातळी नेमकी तीच असली, तरी वृद्ध मेंदूवर औषधाचा परिणाम अधिक होतो. मॉर्फीनने गुंगी लवकर येते आणि श्वास लवकर मंदावतो. ॲट्रोपीन, हायोसिन आणि धोतऱ्यातील तत्सम द्रव्ये ॲसिटिलकोलिन या रसायनाचे काम अडवतात. वृद्ध मेंदूत त्याचा साठा मुळातच कमी असल्याने स्मृतिभ्रंश, भास, रात्रीचा गोंधळ अशी लक्षणे दिसतात आणि ती ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिली जातात. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषात लघवी अडणे, काचबिंदूच्या विशिष्ट प्रकारात डोळ्यातील दाब अचानक वाढणे आणि बद्धकोष्ठ हे याच द्रव्यांचे आणखी परिणाम.

येथे एक विसंगती वारंवार आढळते. स्मृतिभ्रंशासाठी दिले जाणारे गॅलँटामिन हे द्रव्य स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडात सापडले आणि ते ॲसिटिलकोलिन वाढवते. त्याच रुग्णाला पोटातील मुरड्यासाठी हायोसिन दिलेले असते, जे ॲसिटिलकोलिन अडवते. दोन औषधे एकमेकांना खोडून काढतात आणि दोन्हींचे दुष्परिणाम तेवढे शिल्लक राहतात. यादी एका कागदावर आणण्याचा फायदा अशा वेळी दिसतो.

सर्पगंधेतील रेसर्पिन वेगळ्या कारणाने त्रास देते. ते चेतातंतूंमधील रसायनांचे साठेच रिकामे करते. ते पुन्हा भरेपर्यंत, म्हणजे औषध थांबवल्यावरही कित्येक दिवस, रक्तदाब उतरणे, मरगळ आणि खिन्नता टिकू शकते. पायांत गोळे येतात म्हणून क्विनीन घेण्याची जुनी सवयही सोडावी: हृदयाची लय बिघडणे, रक्तातील साखर आणि प्लेटलेट्स कमी होणे हे त्याचे धोके फायद्याच्या मानाने फार मोठे आहेत.

सहावी पायरी: साखळी शोधावी

औषधांच्या दोघादोघांच्या जोड्या पाहून भागत नाही, कारण अनर्थ बहुधा साखळीने होतो. एक साखळी सविस्तर पाहू. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू आहे. पायांवर सूज आली म्हणून लघवी वाढवणारी गोळी सुरू होते आणि तिच्यामुळे शरीरातील पोटॅशियम मूत्रावाटे जाऊ लागते. पाणी कमी झाल्याने शौचाला घट्ट होते, म्हणून रोज रात्री सोनामुखीचे चूर्ण घेतले जाते. त्याने आणखी पोटॅशियम जुलाबावाटे जाते. त्यातच खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा सुरू होतो. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन मूत्रपिंडांतील एक विकर अडवते, त्यामुळे मीठ-पाणी साचते, रक्तदाब चढतो, सूज वाढते आणि पोटॅशियम पुन्हा घटते. वाढलेली सूज पाहून लघवीची गोळी दुप्पट केली जाते. पोटॅशियम खाली गेले की डिगॉक्सिन त्याच मात्रेत हृदयाला विषारी ठरू लागते. पहिले लक्षण असते भूक मरणे. जेवण कमी, पाणी कमी, मूत्रपिंडे आणखी मंद, डिगॉक्सिन आणखी जास्त. या साखळीतील एकही औषध एकटे पाहिले तर चुकीचे दिसत नाही.

अशी साखळी तोडण्यासाठी प्रत्येक नव्या तक्रारीच्या वेळी पहिला प्रश्न ‘हे चालू औषधाने तर झाले नसेल?’ हा विचारावा आणि त्यानंतरच नवे औषध जोडावे.

काही वनस्पती यकृत व आतड्यांतील यंत्रणेलाच हात घालतात. खिन्नतेवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती सीवायपी3ए4 विकर आणि औषधे पेशीबाहेर ढकलणारे पी-ग्लायकोप्रोटीन यांना चेतवते, त्यामुळे डिगॉक्सिनसह अनेक औषधांची पातळी घसरते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणामही अशाच विकर-चेतनेमुळे कमी होतो. सेंट जॉन्स वॉर्टचा प्रभाव ते बंद केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी ओसरतो आणि मग तीच औषधे वर चढतात. म्हणजे ते सुरू करणे जितके महत्त्वाचे, तितकेच थांबवणेही. याउलट ग्रेपफ्रूटचा रस आतड्यातील सीवायपी3ए4 निकामी करतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक विकर आणि पी-ग्लायकोप्रोटीन दोन्ही अडवते. ते कोल्चिसिनबरोबर दिल्याने, विशेषतः मूत्रपिंडे कमजोर असलेल्या रुग्णांत, मृत्यू ओढवलेले आहेत. व्हेरापामिल आणि अमिओडारोन या हृदयावरील औषधांनी डिगॉक्सिन चढते. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना गिंको किंवा लसणाचे सांद्र अर्क घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते, म्हणून ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

सातवी पायरी: सुरुवात कमी मात्रेने आणि पुरेसे थांबून

नवे औषध सुरू करताना नेहमीच्या मात्रेच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी मात्रेने सुरुवात करण्याचा प्रघात वृद्धवैद्यकात आहे. खरी कसोटी थांबण्याची असते. कोणत्याही औषधाची पातळी स्थिरावण्यास त्याच्या अर्धायुष्याच्या (प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाच्या) सुमारे पाच पट काळ लागतो. डिगॉक्सिनचे अर्धायुष्य 70 तास धरले, तर हा काळ 350 तास, म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक होतो. चौथ्या दिवशी ‘गुण दिसत नाही’ म्हणून मात्रा वाढवली, तर पहिल्याच मात्रेचा पूर्ण परिणाम अजून यायचा असतो. गॅलँटामिन दिवसाला 8 मिलिग्रॅमने सुरू करून किमान चार आठवडे थांबल्यावरच वाढवतात, आणि काही कारणाने तीन दिवसांपेक्षा अधिक खंड पडला तर पुन्हा सर्वांत खालच्या मात्रेपासून सुरुवात करावी लागते.

एका वेळी एकच बदल करावा. दोन औषधे एकाच दिवशी सुरू केली आणि पुरळ उठले, तर दोष कोणाचा ते कळत नाही. मॉर्फीनसारखे औषध सुरू होते त्याच दिवसापासून बद्धकोष्ठावरील उपायही ठरवून घ्यावा, कारण त्याच्या या परिणामाची शरीराला सवय होत नाही. आणि दीर्घकाळ चाललेले अफूजन्य औषध एकाएकी थांबवू नये. ते टप्प्याटप्प्याने उतरवावे लागते.

आठवी पायरी: काय टिपून ठेवावे

रोजची नाडी, महिन्याचे वजन, शौच, भूक, झोप आणि बोलण्या-वागण्यातील बदल, एवढे एका वहीत पुरते. आठवड्यातून एकदा रक्तदाब दोन स्थितींत मोजावा: पाच मिनिटे आडवे राहिल्यानंतर, आणि उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर पडण्याचा धोका आहे आणि औषधांचा फेरविचार व्हायला हवा.

डिगॉक्सिनची रक्तातील पातळी तपासायची असेल, तर शेवटच्या गोळीनंतर किमान सहा तासांनी रक्त द्यावे. त्याआधी दिलेल्या रक्तात आकडा उगाच मोठा येतो आणि अकारण घबराट होते. हृदय कमजोर असणाऱ्यांत साधारणतः 0.5 ते 0.9 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही पातळी राखतात. त्याच रक्तात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे, कारण त्यांच्याशिवाय नुसत्या पातळीचा अर्थ लागत नाही. पोटॅशियम कमी असल्यास ‘सामान्य’ पातळीतही विषबाधा होऊ शकते.

जुलाब, उलट्या, ताप किंवा खाणे-पिणे बंद होणे अशा दिवसांसाठी आधीच डॉक्टरांकडून लेखी सूचना घेऊन ठेवावी: कोणते औषध त्या काळात थांबवायचे, कोणते चालू ठेवायचे आणि मूत्रपिंडांची तपासणी केव्हा करायची. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर वनस्पतीजन्य पूरकांची यादी भूलतज्ज्ञांना आधीच द्यावी; ती साधारण दोन आठवडे आधी थांबवण्यास सांगितले जाते.

तातडीने रुग्णालय गाठावे अशी लक्षणे

डिगॉक्सिन घेणाऱ्याची नाडी अतिशय मंद किंवा अनियमित होणे, वस्तू पिवळसर दिसणे, सतत मळमळ आणि नवा गोंधळ; कोल्चिसिन घेणाऱ्याला जुलाब-उलट्या, स्नायूंत अशक्तपणा; मॉर्फीन घेणाऱ्याला जागे करणे कठीण जाणे, श्वास संथ होणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसणे; ॲट्रोपीनसदृश द्रव्यानंतर कोरडी, लाल, तापलेली त्वचा आणि असंबद्ध बडबड. बचनागाचे शोधन न केलेले मूळ पोटात गेल्यास तोंडाला मुंग्या येऊन थोड्याच वेळात हृदयाची लय बिघडते; तेथे वाट पाहण्यास वेळच नसतो.

रुग्णाबरोबर औषधांची यादी, मूळ डबे, चूर्णाचा उरलेला नमुना आणि शेवटची मात्रा कितीला घेतली त्याची नोंद न्यावी. कोल्चिसिनच्या विषबाधेत पहिल्या दिवशीचे जुलाब ओसरून बरे वाटू लागते आणि खरी पडझड 24 ते 72 तासांत होते, म्हणून ‘आता ठीक आहे’ या भरवशावर घरी परतू नये. मॉर्फीनवर उतारा म्हणून दिलेल्या नालोक्सोनचा परिणाम तास-दीड तासात संपतो. ज्या वृद्धाची मूत्रपिंडे मंद आहेत त्याच्या शरीरात मॉर्फीनची संयुगे त्यानंतरही बराच काळ उरतात आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. रुग्ण डोळे उघडून बोलू लागला तरी त्याला किती तास निरीक्षणाखाली ठेवणार आहेत हे विचारावे, आणि त्याची मूत्रपिंडांची ताजी तपासणी झाली आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.